कुटुंबप्रमुखाशी नातं

९ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बस बंदरापाशी संपते. त्यापुढे रस्ता नाही, समुद्रच. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष स्वतः बॅग घ्यायला आले होते. गोल चेहऱ्याचे, हसरे. गाव वसून यंदा सत्तर वर्षं होतायत, म्हणून मूळ दहा घराण्यांचं पुस्तक काढायचंय. जनगणनेच्या जुन्या वह्या वाचायच्या, कोण कुणाचं कोण ते लावायचं आणि तक्ते काढायचे. नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं मी दुसरं केलं काय! दादा म्हणाला होता की स्वेच्छानिवृत्ती घेऊन लोक हवापालटाला जातात, आणि तू परत वह्यांतच डोकं घालायला चाललीस. घालीन. माझं डोकं आहे.

राहायला गल्लीच्या टोकाचं घर, सोसायटीचं पाहुणाघर. एक मोठी खोली, मागे मोरी. खिडकीतून वाळत घातलेली जाळी आणि उपड्या होड्या दिसतात. टेबल भक्कम आहे. आणखी काय लागतं मला?

१२ फेब्रुवारी

वह्या सात, दर दहा वर्षांची एक. कडा कसरीने खाल्ल्यात, पण शाई ठणठणीत. रकाने तेच नेहमीचे: घर क्रमांक, नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, शेरा. वाचताना मजा येते. एका बाईचं वय दहा वर्षांत चारच वर्षांनी वाढलंय. एक जावई सलग तीन वह्यांमध्ये सासऱ्याच्या घरी, आणि धंद्याच्या रकान्यात नुसती रेघ!

समोर जाळी दुरुस्त करणारी मावशी राहते. शहात्तर वर्षांची, पण बोटं सुईसारखी चालतात. पहिल्या होड्यांमधून आली तेव्हा ती सहा वर्षांची होती. अडलं की तिला विचारते. दहाही घराण्यांच्या नात्यांचा गुंता ती न थांबता सोडवते.

संध्याकाळी भाचीचा फोन. आत्या, समुद्रात पाय बुडवलेस का? म्हटलं, अजून वह्यांतून वर आले नाही.

१४ फेब्रुवारी

घराणी दहा नाहीत. अकरा आहेत.

पहिल्या वहीत अगदी शेवटच्या पानावर घर क्रमांक अकरा. होड्या बांधणारा, त्याची आई, बायको, दोन मुलगे, सून आणि बहीण. बहिणीचं वय सेहेचाळीस, माझ्याएवढं. नावं आणि वयं शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे, असं लिहिलंय. शेरा तसाच उतरवून ठेवते: ‘दार बाहेरून बंद. आतून आवाज. मोजता आले नाही.’

दोनदा वाचलं. मग वही घेऊन अध्यक्षांकडे गेले. ते हसले. मोजणीदार शहरातला, चुकला असेल, म्हणाले. पुस्तकात दहाच घ्या. मी म्हटलं की चूक असेल तर चूक म्हणून छापू, गाळायची कशाला? ते हसले नाहीत.

१६ फेब्रुवारी

उरलेल्या सहाही वह्यांमध्ये घर अकरा आहे. बाकीची पानं दर वेळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलीत. हे घर मात्र सहाही वेळा एकाच हस्ताक्षरात.

दुसऱ्या वहीत एकच माणूस. ‘थोरला मुलगा, वय २६, शिक्षक.’ तिसरीत तो आणि ‘सून, वय २३, नर्स.’ पुढे दर वहीत एकेक वाढत गेलाय. वाढलं नाही ते वय. शिक्षक पन्नास वर्षं सव्वीसचाच आहे. आणि नावं पहिल्या वहीतली नाहीत. ही वेगळीच माणसं आहेत, परगावची, नोकरीला आलेली. नाती मात्र त्या घरातली.

शेवटच्या वहीत सहा जण. एकच जागा रिकामी आहे.

बहीण.

पुढची मोजणी एक मार्चला. मला फेब्रुवारीतच का बोलावलं, हे मी विचारलंच नव्हतं.

१९ फेब्रुवारी

दुपारी मावशीसमोर वही ठेवली आणि म्हटलं, आता खरं सांगायचं. तिने सुई खाली ठेवली. मग बराच वेळ तिला ती सापडेना.

पहिल्याच वर्षी त्या घरात ताप शिरला. बाकीच्या दहा घरांनी ठरवलं, आणि भर दुपारी दाराला खिळे ठोकले. आतली माणसं नवव्या दिवसापर्यंत बोलत होती. मग त्या वर्षी दहाही घरांतलं एकेक माणूस नाहीसं झालं. मग गावाला शिक्षक हवा झाला.

“बाहेरचं माणूस नाही दिलं तर आमच्यातलं जातं,” म्हणाली. “सात भरले की घर शांत होईल, असं म्हणतात.”

मी विचारलं, मावशी, तुम्ही तेव्हा कुठे होतात?

“माझा बाप ठोकत होता. खिळे मी धरले होते.”

ते घर पाडून त्याच जोत्यावर पाहुणाघर बांधलंय. चौकट तेवढी जुनीच ठेवली. रंगावरून बोट फिरवून पाहिलं. भोकं आहेत. एकोणीस.

२० फेब्रुवारी

आज सकाळच्या बसने निघून जाता आलं असतं. बॅग भरलीही होती. पण मग पुस्तकात दहाच घराणी छापली जातील, आणि एक मार्चच्या आत माझ्या जागी गावाला आणखी कुणीतरी नर्स हवी होईल.

बॅग रिकामी केली. सातही वह्यांमधली ती पानं उतरवून काढली. सात प्रती केल्या. एक दादाला, एक माझ्या जुन्या कार्यालयाला, बाकीच्या वर्तमानपत्रांना. पोस्टातल्या बाईने शिक्के मारताना वर पाहिलं नाही, पण मारले. थैली गाडीत चढेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

२२ फेब्रुवारी

तक्ता काढला. दाराला खिळे ठोकणाऱ्या दहा घरांच्या प्रमुखांची नावं, आतल्या सातजणांची नावं आणि नंतरच्या सहाजणांची. सोसायटीच्या भिंतीवर सकाळी दहाला चिकटवला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अध्यक्षांनी फाडला. मी दुसरा लावला. तोही फाडला. मी सांगितलं, बावीस वर्षं साहेबांना पुरून उरलेय, माझ्याकडे कागद भरपूर आहे.

पाचवा अजून भिंतीवर आहे.

पण गर्दीतल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, तक्ता कुणी लावला? मी तिथेच होते. हातात खळीचा डबा घेऊन.

२५ फेब्रुवारी

काम झालं, आता निघावं म्हटलं. बस थांबली नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. ड्रायव्हरने आरपार पाहिलं, मी बाजूला उडी मारली म्हणून वाचले.

दुकानदार माझ्या हाताच्या वरून दुसऱ्याला साखर देतो. एकट्या मावशीने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला.

भाचीचा फोन. आत्या, आत्या, आवाज येत नाही, म्हणत राहिली. मी किंचाळत होते. फोन बंद झाला. त्यानंतरही खोलीतून कुणीतरी आत्या म्हणालं. थोराड आवाज. पुरुषाचा.

म्हटलं, मी तुझी आत्या नाही. माझी भाची आहे. तिचं नाव—

लिहिते थोड्या वेळाने.

२७ फेब्रुवारी

माझं नाव पानभर लिहून काढलं. शाई वाळते तशी अक्षरं जातात. परत लिहिलं. परत. हात दुखतो. दुखू दे.

ते भिंतीपाशी बसतात. भर उजेडात. सहा. शिक्षकाच्या खिशाला अजून खडू लागलाय. नर्सला भूक लागलीय, असं ती म्हणाली नाही, पण कळलं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठीही बस थांबली नव्हती.

मी घाबरलेय. घाबरून काय, लिहिणार मी.

२८ फेब्रुवारी

आईचं नाव गेलं.

पत्रं पोचली असतील. पोचलीच असतील. सात दिवस—आठ. गावाने काही केलं तरी ती परत येत नाहीत.

शिक्षकाला त्याचं नाव वाचून दाखवलं, वहीतलं. तो रडला. मग बाकीचे पुढे सरकले. प्रत्येकाला. त्या आधीच्या सातांचीही वाचली, मोठ्याने. घर ऐकत होतं.

१ मार्च

सकाळी ठोकण्याचा आवाज. खिडकीला फळ्या मारून झाल्यात, आता दार. ऊन आहे. बाहेर सगळं गाव. मोजले—अकरा, बारा—पुरे.

मावशीचा आवाज. खिळे खाली टाकल्याचा आवाज. नाही धरणार, म्हणतेय, या खेपेला नाही धरणार. तिला कुणीतरी ओढलं.

ठोकणं चालूच.

खोलीतले उठले. मला वाटलं माझ्याकडे—नाही. दाराकडे. शिक्षकाने खांदा लावला. नर्सने. मीही. आमचे हात गार आहेत.

मोजणीदार आला. नवा माणूस, शहरातला. विचारतोय, आत कोण राहतं. अध्यक्ष म्हणाले, रिकामं आहे, लिहा, घर रिकामं.

मी ठरवलं होतं, एकच सांगायचं, एक भाडेकरू. सुटले असते कदाचित.

यांना कोण मोजेल मग?

फळी हलतेय. उजेड येतोय फटीतून, मोजणीदाराचा चेहरा—त्याला ऐकू येतंय, त्याने पेन काढलं. बाहेर सगळे ओरडतायत, त्याने पुन्हा विचारलं, आत किती जण—

लिहा. रिकामं नाही. लिहा, आम्ही सा