भावाला मुदतवाढ न देण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव,
संशोधन विभाग,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : माझ्या धाकट्या भावाचा मुदतवाढीचा अर्ज नामंजूर करण्याबाबत.
संदर्भ : वडिलांचा वैद्यकीय दाखला मागणारे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून लिहिते की, मुदतवाढ मागणारे आपल्या दारात रोज येत असतील. देऊ नका म्हणणारी बहुधा मी पहिलीच. माझा भाऊ आपल्याकडे शोधप्रबंध लिहितो, म्हणजे लिहायला बसतो. आजचे मरण उद्यावर ढकलण्यात त्याचा हात धरणारा घरात कोणी नाही. वडील त्याला 'उद्याशेठ' म्हणत.

१. त्याच्या पहिल्या अर्जातले वडिलांचे आजारपण खोटे होते. वडील तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायला शिडीवर चढत होते. भावाच्या प्रबंधाचे एक प्रकरण अपुरे होते आणि कारण सुचत नव्हते. वडील म्हणाले, "माझ्या नावावर टाक की आजार, मला काय भोकं पडणार आहेत?" अर्जही त्यांनीच लिहून दिला. आपल्या लिपिकांनी ज्या अक्षराचे कौतुक केले, ते वडिलांचे होते. याबद्दल घरातर्फे क्षमस्व.

२. दुसऱ्या मुदतवाढीत वडील खरोखरच आजारी पडले. फुप्फुसे गेली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आम्ही भावाला परोपरीने सांगितले; पण 'माझ्या त्या खोट्या अर्जामुळेच झाले', हे त्याच्या डोक्यातून जात नाही. आधी नुसता आळस होता, आता भीती आहे. कागद पुढे घेतला की तो उठून जातो. रात्र जागून काढतो, दिवसा पडून राहतो. अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणतात, झोप हवी. झोप दुकानात मिळत असती तर मी कधीच आणली असती.

३. वडील गेल्या हिवाळ्यात वारले. शेवटी त्यांचा हात भावाच्याच हातात होता. तरीही गेल्या महिन्यात त्याने आपल्याकडे पुन्हा अर्ज केला, की वडिलांची प्रकृती बरी नाही, सबब मुदत वाढवून मिळावी. आपले पत्र घरी आले तेव्हा मला हे कळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला फैलावर घ्यायला मी वसतिगृह गाठले.

टेबलावर प्रबंध पुरा होऊन पडलेला होता. मार्गदर्शकांची सहीसुद्धा झालेली. फक्त अर्पणपत्रिकेचे पान कोरे. तिथे वडिलांचे नाव घालायचे, तर त्याआधी 'दिवंगत' लिहावे लागते. मी त्याचे मळके कपडे धुऊन वाळत घातले आणि घरी आले.

४. महोदय, या जगात आता फक्त आपल्या दप्तरी आमचे वडील आजारी आहेत. मलाही ते तसेच राहावेत असे वाटते, खोटे कशाला सांगू. पण भाऊ त्या एका कागदाला धरून बसला आहे आणि दिवसेंदिवस खंगतो आहे. वडील गेले, आता धाकटाही हातचा जाईल, या धास्तीने आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

सबब विनंती की, मुदतवाढ नामंजूर करावी आणि कारण स्पष्ट शब्दांत लिहावे : 'वडील आजारी नाहीत. ते वारले आहेत.' हे वाक्य त्याच्यासमोर आईला म्हणवत नाही, मलाही म्हणवत नाही. आपल्या शिक्क्याने आले तर कदाचित तो मानेल. वडील गेल्यापासून तो रडलेला नाही. तेही त्याने पुढे ढकलले आहे. एकदा रडला, की ते पान लिहील. अक्षर त्याचे वडिलांसारखेच आहे.

कृपया हे काम तरी उद्यावर टाकू नये.

आपली नम्र,
(सही)
विद्यार्थ्याची थोरली बहीण

दिनांक : आजचाच

सोबत : मागितलेला वैद्यकीय दाखला जोडता येत नाही. त्याऐवजी मृत्यूचा दाखला जोडला आहे.