खरखर नाही, आवाज स्वच्छ

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून हे लिहायचं टाळतोय. आज बसलोय ते रागानं.

क्रांती चौकाजवळची आपली खोली. तुम्ही खिडकीच्या गजाला तार बांधून रेडिओवर मॉस्कोचं हिंदी केंद्र लावताय, मी वह्यांना कव्हरं घालतोय, त्यांच्याच जुन्या गुळगुळीत मासिकाच्या पानांची. विज्ञानाच्या वहीवर ट्रॅक्टरवरची हसरी बाई होती, पोरं तिला माझी मावशी म्हणायची. असो. कार्यक्रम संपला की तुम्ही केंद्राला पत्र लिहायचात: आवाज कसा आला, खरखर किती. निम्मं ऐकूच यायचं नाही, तरी दर वेळी तेच, ‘आवाज स्वच्छ.’ मग तिकडून रंगीत कार्ड यायचं, कॅलेंडर यायचं. एकदा मी म्हणालो, “अण्णा, खरखर तर लई व्हती.” तुम्ही कानाखाली वाजवलीत. “इतक्या लांबून कुणी आपल्यासाठी बोलतंय, त्याला नावं ठेवतो व्हय रं?”

शाळा सुटली, हे तेवढं राहिलं. कुठंही भटकत असलो तरी मोबाईलवर रशियाच्याच बातम्या. बाकीच्या देशांच्याही बघतो, पण त्या खोट्या ठरवायला. परवा दौलताबादला किल्ल्याखाली एका रशियन बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्या बातम्या खऱ्या असतात का? ती म्हणाली, पाण्याची बाटली कुठं मिळेल?

पिशोरच्या आत्याचं पोरगं, तुमचा भाचा. गेल्या वर्षी एजंटानं त्याला रशियात गोदामाचं काम सांगितलं. आत्या मुद्दाम माझ्याकडं आली. “तू तिकडचं समदं बघतोस. धाडू का रं त्याला?” अशा पोरांना वर्दी घालून थेट लढाईत नेतात, हे मी दुसऱ्या वाहिन्यांवर बघितलं होतं. बघितलं होतं, अण्णा! आणि म्हणालो, “बिनधास्त धाड आत्या, ती आपलीच माणसं हायेत.” त्याच्या शेवटच्या फोटोत वर्दी आहे. पाच महिने फोन नाही. एका कॅलेंडरसाठी तुम्ही मला खरखर गिळायला शिकवलंत! तुमचं ते कार्डांचं पुडकं समोर असतं तर आत्ता चुलीत घातलं असतं.

पण सगळं तुमच्यावर ढकलता येत नाही. मला कॅलेंडरही नको होतं. शहाणा समजून कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं, एवढंच.

थांबा, दार वाजलं. आत्या आलीय. पाच महिने माझं तोंड न बघितलेली आत्या, आणि काखेत तुमचा रेडिओ, तुमची आठवण म्हणून तिनं नेलेला. “तुझा बाप यावरच ऐकायचा ना तिकडचं? लाव. पोरांची काय खबर देत्यात का बघू.” तिनं स्वतःच तार गजाला बांधली. ते केंद्र कधीच बंद पडलंय. नुसती खरखर येतेय, आणि ती माझ्याकडं बघतेय. “काय म्हणत्यात रं?”