मागायचा नियम

११ जुलै, मंगळवार

प्रिय शेंडेफळास,

ताईचा आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. तुझं कधी काही बिघडल्याचं मला आठवत नाही. आई ठीक आहे, मीही ठीक. अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याचा दोष पेनाला दे आणि पुढे वाच.

तुझी पेटी पोचली. नोकरी सोडून इतकी वर्षं तू हे करत होतास होय? लाकडाचे पत्ते, दगडाचे पत्ते, धान्याचे, पाण्याचे. आणि झाकणावर तुझं नाव, बाबांच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचं नसेल एवढं ठळक. पन्नाशीकडे झुकलेला माणूस कागदाची लाकडं गोळा करायचा खेळ काढतो आणि लोक त्याला कलावंत म्हणतात! खऱ्या पाण्याच्या बादल्या जिन्याने वर आणणारीला कोणी काही म्हणत नाही.

तुझ्या नियमांच्या पुस्तिकेबद्दल तर बोलायलाच नको. ‘खेळाडूने आपल्या संसाधनांचे सुयोग्य नियोजन करावे.’ हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “याला बोलायला मीच शिकवलं होतं ना गं?”

पण खेळ दोघांचा आणि घरात आम्ही दोघीच. पलंगावर पडल्यापडल्या आई दिवसभर छताकडे बघत असते. म्हणून शिवणाचं टेबल तिच्या पलंगाला लावलं आणि बसलो खेळायला. पाळी आली की गठ्ठ्यातून एक पत्ता उचलायचा, हवे ते पत्ते जमले की एक भिंत उभी करायची. ज्याच्या चार भिंती आधी झाल्या, तो जिंकला. एवढ्याशा गोष्टीला तुला बारा पानं लागली.

आणि तुझा तो खास नियम, चौकटीत छापलेला: पत्ता उचलण्याऐवजी समोरच्याकडे मागता येतो, आणि त्याच्याकडे असेल तर त्याने द्यायलाच हवा. वाचून मला हसू आलं. हा तू शोधून काढलास म्हणे! तू जन्मभर असाच तर जगलास. ताई, तुझी सायकल दे. ताई, माझी वही पूर्ण करून दे. ताई, बाबांचं हॉस्पिटलचं तू बघ ना. मी देत गेले आणि तू त्याची पेटी करून विकायला काढलीस.

आईला मात्र तो नियम भलताच आवडला. दर पाळीला हात पुढे. “लाकूड दे गं.” “धान्य असेल तुझ्याकडे, काढ बाहेर.” लाज म्हणून नाही! वर दगडाचे पत्ते उशीखाली सरकवते आणि पकडलं की म्हणते, बोटांत जोर राहिला नाही, निसटतात. सगळे डाव तीच जिंकते. मी हरते, कारण मी मागत नाही. ज्याला उचलायला हात दिलेत, त्याने दुसऱ्यापुढे तोंड कशाला वेंगाडायचं?

काल माझी चौथी भिंत एका दगडासाठी अडली. दगड आईकडे होता. उशीखालून त्याचा कोपरा दिसत होता.

“माग की,” ती म्हणाली.

“नको. उचलताना येईल.”

तिने पत्ते टाकलेच. “जीव गेला तरी मागायची नाहीस तू! सगळं डाव्या हाताने चाललंय तुझं. पत्ते उचलतेस डाव्याने, मला भरवतेस डाव्याने. मी अंथरुणाला खिळलेय, आंधळी नाही झाले.”

तर आता सांगते. हे पत्रही मी डाव्या हाताने लिहितेय. आईला उचलून, कुशीवर वळवून माझ्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटलाय. कात्री धरवत नाही. गिऱ्हाइकांची कापडं तशीच पडून आहेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन आता केलं नाही तर हात पुन्हा वर जाणार नाही, आणि केल्यावर कित्येक महिने तांब्यासुद्धा उचलायचा नाही. तारीख मी दोनदा पुढे ढकलली. आईला उचलणार कोण?

“ताई, काही लागलं तर सांग हं.” दर फोनच्या शेवटी तू हे म्हणतोस. या वाक्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नाही. सांगायला कशाला हवं? डोळे नाहीत? मी सांगितलं नाही आणि तू आला नाहीस, म्हणून तुला मनातल्या मनात हलका ठरवायला मी मोकळी. बरं चाललं होतं तसं माझं.

काल शेवटी आईकडे दगड मागितला. तिने उशीखालून काढून दिला आणि तोंड फिरवून रडली.

आता तुझ्याकडे मागते. बाई लावतो म्हणून फोन करू नकोस, दुसरी पेटी पाठवू नकोस. मला तू हवा आहेस, इथे, माझा हात बरा होईपर्यंत. असलेलं द्यायलाच हवं, हे तूच छापलंयस.

आजवर कधी काही न मागितलेली,
ताई