बारावी फ्रेम

सडक अर्जुनी
९ डिसेंबर २०१२

प्रिय टिकेश,

राम राम. तुझा रायपूरचा पत्ता योगेश्वरीने दिला. तुझी बहीण म्हणाली, "फोनच करा न दादा, पत्र कोन लिवते आता?" तिला काय सांगू, की तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू उचलायच्या आत मीच कापला. म्हणून लिहायला बसलो. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं, पण तुला ते वाचायची सवय होती.

आपलं दुकान जागेवर आहे. हायवे रुंद झाला, तेव्हा आठ फूट मागे सरकावं लागलं, एवढंच. पाटी तीच: दोस्ती फोटो स्टुडिओ. माझी खुशी दहावीत आहे. ती म्हणते, "बाबा, आता सगळे मोबाईलवर फोटो काढून राहिले, तुमच्या दुकानात येईल कोण?" तर ऐक कोण आलं ते.

नागपूरची एक संस्था आपल्या भागातल्या जुन्या धानांवर पुस्तक काढते आहे. चिन्नोर, हिरानखी, लुचई, काळी कमोद. ज्या घरांनी हे बियाणं सांभाळलं, त्या साठ घरांतल्या माणसांचे फोटो हवेत, केशोरीपासून चिचगडपर्यंत. त्यांचा माणूस दुकानात येऊन विचारतो, "भुवनेश्वरजी, डिजिटलवर करणार की फिल्मवर?" मी म्हटलं, "दोन्हीवर." तो हसला. मी नाही हसलो. काम मलाच मिळालं.

कॅमेरा पाहशील तर वेडा होशील बे. आपला जुना दोन डोळ्यांचा होता, हा एका डोळ्याचा आहे, पण याची पाठ निघते. एक पाठ रोलची. रोल तोच आपला, एकशेवीस नंबरचा, बारा फोटोंचा. ती काढायची आणि दुसरी लावायची, डिजिटलची. डिजिटल पाठ संस्थेने सहा महिन्यांसाठी दिली आहे, कॅमेरा माझा स्वतःचा. लेन्स तीच, उजेड तोच, समोरचा माणूस तोच. आधी डिजिटलवर काढतो, मागच्या पडद्यावर त्याला दाखवतो. स्वतःला पाहिलं की माणूस मोकळा होतो, खांदे खाली येतात. मग पाठ बदलून रोलवर दोन फ्रेम घेतो. भर उन्हातलं पांढरं धोतर डिजिटलमध्ये नुसतं पांढरं फटक होतं, रोलवर त्याची घडीन् घडी दिसते. उलट मांडवाखालच्या, पडवीतल्या सावलीत डिजिटलला जे दिसतं ते रोलला दिसत नाही. शिवाय डिजिटलचा चौकोन लहान, म्हणून मी कॅमेऱ्यात पाहायच्या काचेवर लाल पेन्सिलने रेघा मारून ठेवल्या आहेत. गोंदियाचे फोटोग्राफर म्हणतात, "भुवनभाई, दो नाव में पैर मत रखो." मी म्हटलं, पाय माझे, नावाही माझ्या, तुम्ही काठावर उभे राहून पाहा.

अडचण एकच. मला रोल भरणारा माणूस पाहिजे. एका माणसाने समोरच्याशी बोलायचं, एकाने पाठी बदलायच्या, रोल भरायचे, काढायचे, कागदी पट्टी चिकटवायची. दोन पोरं ठेवून पाहिली. त्यांना रोल म्हणजे काय तेच माहीत नाही. तुझ्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून देतो. फेब्रुवारीपर्यंत काम आहे. सुट्टी टाकून ये. राहायला माझं घर आहे, आणि माझी बायको तुझ्यासाठी सिंगाड्याचा शिरा करायला तयार आहे, जो ती माझ्यासाठी करत नाही.

केशोरीला मागच्या आठवड्यात गेलो होतो. तुमच्या घरासमोरून गेलो. आत गेलो नाही, घाई होती. खरं म्हणजे घाई नव्हती.

तुझ्याशी एक बोलायचं आहे. ते पत्रात नको. ये, मग बोलू.

तुझा जुना पार्टनर,
भुवनेश्वर


सडक अर्जुनी
२० जानेवारी २०१३

टिकेश,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी लिहिल्यास: "मी रोलला हात लावत नाही. आईचा एकच फोटो निघाला होता, तो या हातांनी खराब झाला, तेव्हापासून नाही. तुझं काम चांगलं होवो."

पंधरा दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून फिरलो. शर्ट बदलला की कार्ड नव्या खिशात घालायचो. बायको म्हणाली, "कोनाचं कर्ज हाये का त्याच्यात?" मी तिच्यावर उगाच ओरडलो. ओरडायची काही गरज नव्हती.

आता चिचगडला काय झालं ते सांगतो, कारण तिथून सुरुवात केली नाही तर मी पुन्हा धोतराच्या घड्यांवर लिहीत बसेन.

चिचगडच्या पुढे जंगलात एक टोला आहे, लहानशी वस्ती. तिथल्या सात घरांचे फोटो घेतले. वीज नव्हती, दुपारी तीनपर्यंत डिजिटलची शेवटची बॅटरी संपली. रोलही संपला. सामान बांधत होतो तर शामकला नावाची म्हातारी पुढे आली. तिचं नाव यादीत नव्हतं, नातवाचं होतं. डोक्यावरचा पदर सारखा करून पुंजण्याला, धानाच्या गंजीला, पाठ लावून उभी राहिली. "माहा काढ," म्हणाली. आणि मी, टिकेश, काही विचार न करता फ्लॅश उचलला आणि मागचं लाल बटन दाबलं. खाली फ्लॅश, म्हणजे रिकामा. कॅमेऱ्यात काही नाही, नुसता चमका.

ही सवय तुला सांगायला नको. वरातीतले लोक ऐकायचे नाहीत, हजार फोटो मागायचे, तेव्हा आपण दोघेही हेच करायचो. चमकवायचं, "मस्त आला" म्हणायचं, रोल वाचवायचा. आपल्या झाडीपट्टीतले सगळे फोटोवाले करायचे. संध्याकाळी दुकानात बसून आपण मोजायचो, आज कोणी जास्त खाली मारले, आणि पोट दुखेपर्यंत हसायचो.

पण ही म्हातारी माझ्याकडे चालत आली. सकाळपासून मी सगळ्यांना पडद्यावर फोटो दाखवत होतो, ते तिने पाहिलं होतं. म्हणाली, "दाखव न बापू. सर्‍यायले दाखवला."

"बॅटरी गेली न माय."

"बॅटरी गेली त मंग चमकवला कायले?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी ते विचारलं. मी तिथेच बांधावर बसलो. मग तिला खरं सांगितलं, की फोटो निघाला नाही, मी खोटं चमकवलं. ती रागावली नाही. "उद्या ये मंग," म्हणाली, "मी काई पळून नाई जात." दुसऱ्या दिवशी दोन्ही पाठी भरून गेलो, एकटाच, तीस मैल. तिचा फोटो साठांतला सगळ्यात चांगला आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

पण तुझी आई, सुखवंताकाकी, मला "दाखव" म्हणू शकली नव्हती.

आता सरळ लिहितो. मे १९९९, केशोरी, योगेश्वरीचं लग्न. रंगीत रोल धुवायला बाहेर पाठवावे लागायचे, म्हणून आपण काळे-पांढरेच नेले होते, चार. तीन वरातीतच संपले. चौथा तू सकाळी भरलास आणि नंतर बहिणीच्या लग्नातला भाऊ झालास, पंगती वाढत फिरत होतास. दिवसभर काकी मांडवात आलीच नाही. विधवा बाई म्हणून तिला कोणी पुढे येऊ दिलं नाही, कन्यादान तुझ्या मोठ्या काका-काकूंनी केलं, काकी मागे चुलांपाशी. म्हणून एकाही फोटोत ती नव्हती. तुला आठवतच असेल.

जेवणं झाल्यावर ती माझ्याकडे आली. तोंड धुतलेलं होतं. "भुवन, माहा एक काढून देनं बापा. एकटीचा." मग लुगडं पाहून म्हणाली, "हळद सांडली याच्यावर, चालते न?" मी म्हटलं, चालते काकी. रोलवर दोन फ्रेम उरल्या होत्या, अकरावी आणि बारावी, आणि बिदाई व्हायची होती. बिदाईला एक पुरली असती. मला दोन हव्या होत्या, कारण एखादी हलली तर भुवनेश्वरचं नाव खराब. तर मी तिला जांभळीच्या फांद्यांच्या मांडवाखाली उभं केलं, "हलू नको" म्हटलं, आणि लाल बटन दाबलं. तिने श्वास रोखून धरला होता बे. मी म्हटलं, "आला काकी, मस्त आला."

नंतर बिदाईच्या दोन्ही फ्रेम घेतल्या. अल्बमला अकरावीच छापली.

पुढे तीन महिने काकी बाजारात भेटली की विचारायची, "माहा फोटो आला का?" मी म्हणायचो, मोठा करून देतो, थांब. वाटलं होतं, एखाद्या दिवशी केशोरीला जाऊन खराखुरा काढू, तिला काय कळते. भाद्रपदात ती तापाने गेली. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे म्हणून तू नवव्या दिवशी डोकं भादरलेला दुकानात आलास. तेव्हा मी काय म्हटलं ते तुला पाठ आहे, मलाही आहे. "बारावी काकीची होती. काळी पडली. रोल काढताना तू ढिला गुंडाळलास, उजेड लागला."

का म्हटलं? भ्यालो. तुझ्यासमोर "मी तुझ्या आईला खाली फ्लॅश मारला" हे शब्द तोंडातून निघत नव्हते, आणि तू रोल काढला होतास हे आयतं सापडलं. तू आपल्या हातांकडे पाहत राहिलास. महिन्याभरात दुकान सोडून रायपूरला गेलास. मला थोडं बरंही वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

तू निगेटिव्ह मागशील या भीतीने बारावी फ्रेम पट्टीतून कापून मी जुन्या पाकिटात लपवली होती. तेरा वर्षं पाहिली नाही. चिचगडहून आल्यावर काढली. त्याच कॅमेऱ्याला डिजिटल पाठ लावली, निगेटिव्हला खालून उजेड दिला आणि फोटो घेतला. सावलीतला भाग रोलवर फार पातळ होता, नुसत्या डोळ्याने तिथे काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरवर सावली उघडली, तर योगेश्वरीच्या मागे काकी होती. बायका मागे ओढत होत्या, एकीने तिचा दंड धरला आहे, तरी ती मांडवाच्या दारापर्यंत आली होती. एक हात योगेश्वरीच्या डोक्यावर आहे. अर्धा चेहरा पोरीच्या बाशिंगाने झाकला आहे, अर्धा स्पष्ट आहे. डोळा उघडा आहे. लुगड्यावरची हळदही दिसते.

म्हणजे तुझ्या आईचा फोटो होता, टिकेश. माझं खोटं खरं वाटावं म्हणून मीच तो लपवून ठेवला. मी छापायला पाहिजे होता, पाहायला पाहिजे होता. पाहिला नाही. हे पाहिलं त्या रात्री मला माझ्या धंद्याची पहिल्यांदा लाज वाटली.

हा तिने मागितलेला फोटो नाही, हे मला कळते. तिने एकटीचा मागितला होता, सरळ उभं राहून. तो मी काढला नाही आणि आता कोणत्याच कॅमेऱ्यात येणार नाही.

काल सौंदडला योगेश्वरीच्या सासरी जाऊन तिलाही सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही. मी अर्धा तास ओसरीवर बसून निघून आलो. बरोबरच केलं तिने.

निगेटिव्ह या पाकिटात आहे. मी प्रिंट काढली नाही, कॉम्प्युटरवरचीही पुसून टाकली. ती कोणी आणि कशी छापायची, छापायची की नाही, हे ठरवायला आता तू आहेस. कामाला ये असं मी यापुढे म्हणणार नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, या वेळी मी कापणार नाही.

तो रोल तू घट्ट भरला होतास, टिकेश, आणि घट्टच काढला होतास. बाराच्या बारा फ्रेम स्वच्छ आल्या होत्या. तुझ्या हातांनी काहीच खराब केलं नाही.

तुझ्या आईला "मस्त आला" म्हणणारा,
भुवनेश्वर