बिनउंबऱ्याचं घर

उंब्रज,
ता. ८ जानेवारी २०२५

चि. कपिल यास,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी इकडे ठीक. आईचा खुबा मिरजेच्या डॉक्टरांनी बसवला तसा बसलाय, फक्त आई बसत नाही. वॉकर घेऊन दिवसभर घरात फेऱ्या मारते आणि मी शाळेतून आले की कुठली फरशी हलते ते मला सांगते. तुमचं सगळ्यांचं सांगलीत बरं चाललं असेल असं धरून चालते. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या रेघा येतात, पुढे काही येत नाही. म्हणून पत्र. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

तू ठरवलेल्या बांधकाम कंपनीचा माणूस येऊन गेला. वीरधवल असं नाव कळल्यावर मी घोड्याची वाट बघत होते, तो स्कूटीवरून आला. हुद्दा ‘होम ट्रान्सफॉर्मेशन कन्सल्टंट’. पूर्वी असल्या माणसाला आपण ‘मापं घ्यायला आलाय’ म्हणायचो. त्यानं लेझरचा लाल ठिपका भिंतीभिंतीवर नाचवला. आईला वाटलं, आपल्या मांजराला खेळवतोय. तिनं मांजराला हाक मारली.

मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरात लय पोटेन्शियल हाय.”

म्हटलं, “असेल. पण परसात संडासला जायला तीन पायऱ्या आहेत. म्हातारीला त्या उतरता येत नाहीत. तिच्या खोलीला लागून एक संडास-बाथरूम पाहिजे. पोटेन्शियलचं त्यानंतर बघू.”

“होऊन जाईल, मॅडम. ती अगदीच मायनर रिक्वायरमेंट हाय.”

त्या मायनर रिक्वायरमेंटचा नकाशा काल गुळगुळीत रंगीत कागदावर आला. कपिल, मी चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं ‘माझे घर’ काढायला लावते. पोरं दाराएवढं कोंबडं आणि खिडकीएवढा सूर्य काढतात. पण घरात कोण राहतं हे एकही पोरगं विसरत नाही.

या नकाशात बाहेरची खोली नाही. वर्षावासात जिथं वस्तीतल्या सगळ्या बायका ग्रंथवाचनाला मांडीला मांडी लावून बसतात, त्या जागी दोन गाड्यांचा पोर्च आहे. आपल्या घरी गाड्या किती? तुझी एक, तीही दिवाळीला येते. पोर्चच्या आत ‘लॉबी’. लॉबीत काय करायचं असं मी वीरधवलला फोनवर विचारलं, तर म्हणाला, “काही करायचं नसतं मॅडम, लॉबी असते.” दाराला काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा, त्यावर कोरलेलं कमळ. समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत दगडी तुकडे चिकटवलेले. म्हणजे आण्णांनी स्वतःच्या हातानं निळ्या रंगात लिहिलेलं आपलं आडनाव त्याखाली गेलं. ईशान्येला संगमरवरी देवघर, त्याला पितळी घंटा. आणि आईची खोली? ती वरच्या मजल्यावर. ‘सीनियर सिटिझन सूट विथ व्ह्यू.’ जिला तीन पायऱ्या उतरवत नाहीत तिला अख्खा जिना चढवून हायवे दाखवायचा. बाथरूम आहे, तेही वरच. आई म्हणाली, “एकदा चढवा मला, मग खाली आणायला चौघं बोलवा.”

आता मुख्य मुद्दा. कागदाच्या कोपऱ्यात मालकाचं नाव छापलंय: ‘श्री. के. ए. उंब्रजकर’. आपल्या आळीत या नावाचं कुणी नाही. थोरवड्यांच्या घरात देवघर आणि घंटाही नाही. मी ताडलं की कुणा दुसऱ्याचा नकाशा चुकून आपल्या पाकिटात आलाय, आणि कोण्या बिचाऱ्या उंब्रजकराच्या हातात आपलं संडास-बाथरूम पडलंय. मी तो तसाच परत पाठवलाय. तू कंपनीला सांग, आमचा आम्हाला द्या, त्यांचा त्यांना. मोठ्या कंपन्यांत असल्या चुका व्हायच्याच. इतकी माणसं कामाला म्हटल्यावर डोकं वापरायची पाळी कुणावरच येत नाही.

येत्या रविवारी सवड काढून ये. समोरासमोर बसून ठरवू. आईनं तुझ्यासाठी हुलग्याचं माडगं करायचं म्हणून हुलगे निवडायला घेतलेत. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अक्का

---

उंब्रज,
ता. ३ एप्रिल २०२५

कपिल,
सप्रेम जय भीम.

मधे तुला पत्र नाही, फोन नाही. तुझाही नाही, तेव्हा फिट्टंफाट. मुलांच्या परीक्षा संपल्या असतील. इथं ऊन लागायला लागलंय. मांजर व्यालं. शेजारच्या हरणाबाईच्या सुनेला अंगणवाडीत नोकरी लागली, तिनं आळीभर पेढे वाटले आणि आईला साखरेचं सांगून ठेवलेलं असताना आईनं दोन खाल्ले.

आणि बांधकाम पुरं झालं. वीरधवलनंच केलं. माणूस तसा वाईट नाही. त्याला घर दाखवलं की घर दिसत नाही, ‘एलिव्हेशन’ दिसतं, एवढाच आजार. फेब्रुवारीत मी त्याला बोलावून घेतलं आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं दाखवलं. आईची खोली इथं. तिला लागून ईशान्येच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम. बाकी भिंत जिथं आहे तिथं.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “मॅडम, ईशान्येला टॉयलेट? ईशान्येला कुणी काढत न्हाई. घराचं वाटोळं होतं. कंपनीची पॉलिसी हाय, आमी वास्तुप्रमाणंच देतो.”

मी बोलायच्या आधी आई खाटेवरून म्हणाली, “आवं साहेब, ईशान्य कुणीकडं ते मला ठावं न्हाई. माझी खाट कुणीकडं ते ठावं हाय. खाटंपासनं जवळ काढा.”

“पण आज्जी, सरांनी तिथं देवघर सांगितलंय.”

“सरांचा खुबा मोडला की सरांना देवघरात जाऊ दे. मला हिकडं जायचंय.”

सही लागली तेव्हा तो तुझं नाव घेऊन बसला. घर आईच्या नावावर आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं. तुला होतं.

असो. मी मुद्द्यावर येत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तूही लहानपणी असाच करायचास. मार्क कमी पडले की आधी शाळेत साप निघाल्याचं सांगायचास.

तर, जानेवारीतला तो रविवार.

तू आलास. आधी कळवलं नव्हतंस की बरोबर तुझ्या सोसायटीचे चेअरमन आणि त्यांच्या मिसेस आहेत. साताऱ्याला लग्नाला निघालेत, वाटेत तुझं ‘गावाकडचं घर’ बघणार आहेत. वीरधवल टॅब घेऊन हजर. तो परत पाठवलेला नकाशा तुम्ही चौघं अंगणात उभं राहून बघत होता. तू हातवारे करत होतास: इथं पोर्च, इथं लॉबी, ही सगळी भिंत जाणार. चेअरमन म्हणाले, “उंब्रजकरसाहेब, जागा छान आहे हो. रोड टच.” मी दारातून ऐकलं. तू मान डोलावलीस.

आता सांगते. पहिल्या पत्रात मी वेड पांघरलं होतं. नकाशा चुकून आला नव्हता हे मला पाकीट फोडल्या फोडल्या कळलं होतं. घंटा कंपनीच्या डोक्यातली नव्हे, एवढं समजायला होम ट्रान्सफॉर्मेशन शिकावं लागत नाही. तरी सगळा गाढवपणा कंपनीच्या माथी मारला, कारण तुला माघारी वळायला वाट ठेवायची होती. तू एवढंच म्हणायचं होतंस, “हो अक्का, कंपनीची चूक.” मी खोटं ओळखलं असतं आणि खरं मानलं असतं.

चेअरमनांच्या त्या बाईंनी पाणी मागितलं. मी तांब्या-पेला घेऊन बाहेर आले. घरातल्याच साडीत होते, हाताला हुलग्याचं पीठ. पेला घेता घेता त्या प्रेमानं म्हणाल्या, “मावशी, किती वर्षं झाली तुम्हाला इथं कामाला?”

मी तुझ्याकडे बघितलं. तू टॅबकडे बघितलंस. मग घसा खाकरून म्हणालास, “ह्या माया. इथंच असतात. घर बघतात.”

मी म्हटलं, “जन्मापासून.”

बाई म्हणाल्या, “बघा, अशी जुनी माणसं हल्ली मिळत नाहीत.”

कपिल, तुझी कीव करावी की तुझ्या अभिनयाला दाद द्यावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू खोटं बोललास असंही म्हणता येत नाही. मी माया. इथंच असते. घर बघते. एक शब्द गाळलास, बाकी सगळं बरोबर. बँकेत अधिकारी झालास ते उगीच नाही.

माझं सोड. वर्गात चाळीस पोरं रोज मला काय काय म्हणतात. पण आई मधल्या खोलीत होती आणि दार उघडं होतं. आपल्या घराचं दार उघडंच असतं. गाडी गेल्यावर ती वॉकर घेऊन बाहेरच्या खोलीत आली. मला विचारलं, “कोण आलं हुतं?”

मी म्हटलं, “कपिल.”

“मग आत का न्हाई आला?”

मी पेला विसळायला घेतला. तिनं वॉकर दारापर्यंत नेला. मग म्हणाली, “आण्णांनी उंबरा ठिवला न्हाई, तरी पोरगं भाईरच.”

तुला आठवत असेल, नसेल, म्हणून लिहिते. आपल्या आजोबांना गावात वाड्यावर बोलावणं आलं की त्यांनी उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहायचं. बोलायचं असेल ते तिथून, मिळायचं असेल ते वरून ओंजळीत. आण्णा त्यांचं बोट धरून उभे असायचे. एसटीच्या आगारात पाट्या रंगवता रंगवता त्यांनी हे घर बांधलं, तेव्हा सुतारानं चौकट आणली ती चारी बाजूंची. आण्णांनी खालचं लाकूड कापून घ्यायला लावलं. सुतार म्हणाला, घराला उंबरा नसला तर लक्ष्मी टिकत नाही, पाणी आत येतं, विंचू येतो. आण्णा म्हणाले, “येऊ द्या. ज्याला यायचं त्यानं यावं. आमच्या दारात कुणी थांबायचं नाही.” पाणी खरंच येतं, दर आषाढात. विंचूही एकदा आला होता. आई पोतं लावते, मी फडकं मारते, पण उंबरा कुणी घातला नाही. आता त्या गुळगुळीत जमिनीवरून तिचा वॉकर कसा सरसर जातो ते बघ. आण्णांना खुब्याचं थोडंच माहीत होतं.

आणि तू तिथं ग्रॅनाइट टाकायला निघालास. कमळ कोरून. वर दुसऱ्याच आडनावाची पाटी. अरे, आण्णांच्या बापाला जो दगड लोकांनी आडवा घातला, तोच आण्णांच्या पोरानं ऑर्डर देऊन, डिझाइन निवडून, स्वतःच्या घराला बसवून घ्यायचा! हे कंपनीला सुचलं नसतं. कंपनीला तेवढी कल्पनाशक्ती नाही.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. भाड्यानं घर बघायला गेलास की आडनाव ऐकून खोली ‘कालच गेलेली’ असायची, ते दिवस मला ठाऊक आहेत. तेव्हा तू घरी येऊन भिंतीवर मूठ आपटलीस, आणि मीच हळद लावली. नाव झाकून मिळालेल्या बंगल्यात तू सुखानं राहा. तिथं तुला काय वाटतं ते तुझं तू बघ. पण हे घर झाकायला आणू नकोस. ते उघडं राहायला बांधलंय.

आता झालंय ते असं. बाथरूमला सपाट जमीन, धरायला दोन्हीकडे स्टीलचे दांडे. पहिल्या दिवशी आई आत गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. मी घाबरून हाक मारली, तर आतून म्हणाली, “बसू दे की. नवं हाय.” बाहेरची खोली आहे तशी आहे. भिंतीला दगड नाही, पण रंग दिला. आण्णांची अक्षरं पुसट झाली होती. मी स्टुलावर चढून तोच निळा रंग पुन्हा भरला. ‘थो’चा काना जरा वाकडा आलाय. आण्णा असते तर हसले असते. कंपनीनं ‘बिफोर-आफ्टर’चे फोटो काढून नेले. वीरधवल म्हणाला, जाहिरातीत घालतो, पण ईशान्य तेवढी क्रॉप करावी लागेल.

चौदा एप्रिलला नेहमीसारखी वस्ती जेवायला आपल्या बाहेरच्या खोलीत. सकाळी वंदना, मग पुरी-भाजी, खीर. हरणाबाई आत्तापासून भांडी मोजतेय. तुलाही बोलावणं आहे. यायचं तर सरळ आत ये. अडखळायला दारात काही ठेवलेलं नाही, त्यामुळं तेही निमित्त तुला मिळायचं नाही. न आलास तर लोकांना मी कंपनीची चूक म्हणून सांगणार नाही.

हे लिहितेय तोवर आई पाठीशी येऊन उभी राहिली. काय लिहितेस म्हणाली. वाचून दाखवलं. थोडं गाळलं. ती म्हणाली, “त्याला लिही, त्या चेअरमनलाबी घिऊन ये म्हणावं. त्याच्या बायकोलाबी. आमी आत बसवू.”

ते लिहिलं. आता माझ्याकडे लिहायचं काही उरलं नाही.

माया आण्णा थोरवडे
(इथंच असते. घर बघते.)