अण्णांचा उरलेला शब्द

ता. ४ जून

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अण्णांची तब्येत आता बरी म्हणायची. उजवी बाजू गेली ती गेलीच, पण चमच्याने भरवलं की खातात. वाचा परतली, तीही एका शब्दापुरती. पाणी हवं, कूस बदलायची, खिडकी लावायची, सगळ्याला एकच: बिगारी. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाच्या झटक्यात असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो. मी म्हटलं, राहायचाच होता तर माझं नाव राहायचं होतं. काल शेजारीण समाचाराला आली, तर तिलाही बिगारी म्हणाले. बाई फणकाऱ्याने उठून गेली. आधी हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

जन्मभर गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिली, त्याचाच ध्यास घेतला असेल का रे? तू छापखान्यात दिवसभर शब्दांच्याच चुका काढतोस. या शब्दाच्या पोटात काय आहे ते कळव. वेळेवर जेवत जा.

आठवण ठेवणारी,
आक्का

ता. ११ जून

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्याच नजरेतून चुका सुटल्या. बिगार म्हणजे वेठ, मजुरीशिवायचं काम. शब्द फारसीतून आलाय. पूर्वी सरकारी माणूस गावात शिरला की दिसेल त्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचा आणि चल म्हणायचा. त्या वेठीला धरलेल्या माणसाचं नाव पुढे बांधकामावरच्या हरकाम्याला चिकटलं. आणि मला शाळेत ‘बिगाऱ्याचं पोर’ म्हणायचे तेव्हा यातलं काहीच ठाऊक नसूनही ते कानाला झोंबायचंच.

मला वाटतं, अण्णा तक्रार करताहेत. आई तापाने गेली, आपण आत्याकडे वाढलो आणि ते एकटे पत्र्याच्या खोलीत राबत राहिले. वेठच की ही. त्यांना सांग, आता सुटलात. महिनाअखेर रजा मिळते का बघतो.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
धाकटा

ता. १९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं नाही, ते बरंच झालं. परवा वाळू चाळणारी मावशी आली होती. अण्णांबरोबर कामाला असायची ती, आता पाठीतून पार वाकली आहे. अण्णा तिला बघून बिगारी म्हणाले, तशी ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. निघताना दारात म्हणाली, “तुझ्या आईला हाक मारतायत गं ते.”

धाकट्या, अण्णा गवंडी होते. मावशी म्हणते, ओळंबा न लावता सरळ भिंत उठवायचे. बिगारी होती ती आई. आपण अगदी लहान, आपल्याला आत्याकडे ठेवून दोघं एकाच कामावर जायची. अण्णा वर परांचीवरून ओरडायचे, बिगारी, माल आण. ती खालून म्हणायची, आले हो मिस्त्री, जीव खाऊ नका. अख्खं बांधकाम हसायचं. घरीही तीच हाक, लाडाची.

आई तापाने गेली नाही. घमेलं घेऊन चढताना तिच्या पायाखालची फळी निसटली. अण्णांचं तोंड भिंतीकडे. खालचा गलका त्यांना रोजचाच वाटला. माल संपला म्हणून ते हाका मारत राहिले, शेवटी तर रागावून. मग मागे वळले.

त्यानंतर त्यांनी थापी हातात धरली नाही. ठेकेदाराने मिनतवाऱ्या केल्या, तर म्हणाले, ठेवायचं तर मला बिगारी म्हणून ठेवा. आपल्याला ताप सांगायचा, अशी मावशीला शपथ घातली होती.

काल दुपारी त्यांनी पुन्हा हाक मारली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “आले हो मिस्त्री.” त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघत राहिले, आणि डावा हात पुढे केला, काहीतरी घेण्यासाठी धरावा तसा. मी त्यात माझा हात ठेवला. तेव्हापासून तो शब्दही बोललेले नाहीत. मी बरं केलं की वाईट, मला कळत नाही. रजेची वाट बघू नकोस. मिळेल त्या गाडीने ये.

तुझी,
आक्का

ता. ६ जुलै

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. अण्णांचं दिवसकार्य होईपर्यंत तुझ्याशेजारी बसून राहिलो, पण तू पत्रात विचारलेलं, त्याचं उत्तर तोंडाने देता आलं नाही. ओ दिलीस ते बरंच केलंस. माझं मागचं पत्र मात्र फाडून टाक. शब्द कुठून आला ते मी सांगितलं, अण्णांनी तो कुठे नेला ते मला माहीतच नव्हतं. वेठ नव्हती ती. आईचं घमेलं त्यांनी खाली ठेवलंच नाही.

छापखान्यासमोर इमारत उठते आहे. आज सकाळी वरून गवंड्याने माल मागितला आणि एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन फळीवर चढली. माणसं मला धक्के देत जात होती. ती वर पोचेपर्यंत मला फुटपाथवरून हलता आलं नाही.

आता मला तूच आहेस, तेव्हा जपून राहा.
तुझा,
धाकटा