नवरदेवाचे पांढरे बूट

लिवादी, क्रीट
१० फेब्रुवारी १९६३

चि. मनूसोस यास आर्गिरोताईचे अ. उ. आ.

तुझ्या लग्नाचे बूट आज मेलबर्नला रवाना झाले. पांढरेशुभ्र, गुडघ्यापर्यंत उंच. बाबांना आता दिसत नाही असंच समज, तरी सगळी शिवण चाचपून घातली. दुकानात हल्ली कुणी फिरकत नाही रे, शहरात तयार मिळतात ना! तू गेलास तेव्हाचा तुझ्या पायाचा लाकडी साचा त्यांनी खाली काढला आणि महिनाभर त्याच्याशीच बोलत बसले. माझ्याशी कधी इतकं बोलले असते तर!

लग्न झालं की देस्पिनाला घेऊन द्राक्षांच्या तोडणीला या. दोनच ताटं वाढायचा कंटाळा आलाय. बूट कसे बसले ते लगेच कळव, बाबांचा जीव टांगणीला लागलाय.

इकडचा लोभ आहेच, तिकडचा दिसू दे.
तुझी ताई

मेलबर्न
२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

बूट मिळाले, लग्न थाटात झालं. बूट असे बसले की पायात आहेत हेच विसरलो. रात्रभर नाचलो, पण कुठे टोचलं नाही की काचलं नाही. हात अजून तसाच आहे म्हणावं बाबांना. फोटो काढायचा तेवढा राहिला. यायचं बघतो, पण कारखान्यात रजेची बोंब आहे.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा मनूसोस

लिवादी
२० मे

चि. मनूसोस यास अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांनी कॉफीच्या दुकानात मोठ्यानं वाचायला लावलं. सगळ्यांनी तुझ्या नावानं पेले उचलले. घरी आल्यावर मात्र बाबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आर्गिरो, त्यानं ते पायात घातलेच नाहीत."

मी भांडले. तर म्हणाले, हे बूट आपण मुद्दाम घट्ट शिवतो, पहिले काही दिवस ते चावतातच. आपल्याकडे एक तरी नवरदेव न लंगडता चर्चच्या पायऱ्या उतरलाय का? चुलतभावाच्या, सिफिसच्या लग्नात तर सगळ्यांत जास्त तूच खिदळत होतास. विसरलास कसा रे?

रागावलेले नाहीत, पण जेवलेही नाहीत. खरं काय ते लिही. आणि कागदावर पाय ठेवून त्याच्याभोवती रेघ ओढून पाठव, असं म्हणालेत.

तुझ्या काळजीत,
ताई

मेलबर्न
८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

लग्न झालंच नाही. पार्सल यायच्या आधीच देस्पिनानं नकार कळवला. खोकं पलंगाखाली तसंच पडून होतं. काल बूट बाहेर काढले, तर टाचसुद्धा आत जाईना. इतकी वर्षं यंत्रापुढे उभं राहून पाय पसरलेत. इथं मी लंगडलो असतो तरी हसायला कोण होतं, ताई? फार एकटं वाटतं. रेघ सोबत आहे.

बाबांना सांभाळून सांग. लोभ आहे ना अजून?
मनूसोस

लिवादी
२५ जून

चि. मनूसोस यास अ. उ. आ.

तुझी रेघ बाबांना दिसेना. कागदावर हात फिरवला, तर बोटांना काही लागेना. शेवटी मी दुकानातली कातडं टोचायची आरी आणली आणि रेघेवरून टोचत टोचत गेले. मग त्यांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा मागे आणलं. बराच वेळ तेच चाललं होतं. म्हणाले, "पोरगं इतकी वर्षं कुठे बसलंच नाही गं." आणि रडले. मीही रडले.

कातडं भिजत घातलंय, पण कागदावरून शिवणार नाहीत म्हणे, पाय हातात हवा. नवरी नसली तर नसली. ये, नवे बूट घाल आणि गावातून खुशाल लंगडत फीर. हसायला मी आहे.

तिसरं ताट मांडून वाट बघणारी,
तुझी ताई